नववी जागा

ही गोष्ट खरी मानणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मी गेली पन्नास वर्षं थापा मारत आलोय. गल्लीत मला थापाडे काका म्हणतात आणि मी त्या नावाला बिनतक्रार ओ देतो. तेव्हा थाप कुठली आणि खरं कुठलं, हे माझ्याइतकं कोणाला कळणार? तर ही खरी आहे. माझ्या सगळ्या गोष्टींत हीच एक खरी, आणि हीच मी कोणाला सांगितली नव्हती. परवाच्या रविवारपर्यंत.

रविवारी दुपारी खालचा औषधवाला आपला संगणक काखोटीला मारून दोन जिने चढून वर आला. त्याच्या मागोमाग मास्तर. मास्तर गणिताचे, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी रोज एकाची तरी चूक काढल्याशिवाय त्यांना चहा पचत नाही. माझी लेक स्टुलावर बसून स्क्रू निवडत होती. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते. महिन्यातून दोन दिवस येते आणि आली की माझ्या कामाच्या टेबलाचा पसारा उपसायला घेते. टेबलामागे भिंतीवर डबे आहेत आणि डब्यांवर चिठ्ठ्या: ‘बारीक स्क्रू’, ‘मधले स्क्रू’, ‘देव जाणे’. अक्षर तिच्या आईचं.

“काका, नेटवर्कचं नवीन कार्ड घातलं, तर हा बघतच नाही त्याच्याकडे,” औषधवाला म्हणाला.

“बघतो,” मी म्हटलं. “ओळखत नाही. दोन्हींत फरक आहे.”

त्याच्या मशीनवर ओपनबीएसडी मीच घालून दिली होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: संगणक चालवणाऱ्या ज्या सिस्टीम असतात, त्यातली ही एक. फुकट मिळते, थोडे लोक वापरतात, आणि ते थोडे सगळे माझ्यासारखे संशयी. सुरू होताना ती पडद्यावर निळ्या पट्ट्यात पांढऱ्या अक्षरांनी एक यादी वाचते. डब्यात काय काय सापडलं, कुठल्या जागेवर सापडलं, त्याचं नाव काय. एखाद्या वस्तूशी बोलायला जमलं नाही, तर बाकीच्या सिस्टीमसारखी ती मूग गिळून बसत नाही. ती वस्तूही यादीत लिहिते आणि ओळीच्या शेवटी म्हणते, ‘नॉट कॉन्फिगर्ड’. म्हणजे, आहे, दिसतंय, पण आमची ओळख नाही.

मी औषधवाल्याच्या पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. “हे बघ. आहे म्हणतोय. लपवत नाही. हा गडी खोटं बोलत नाही.”

“मग तुमच्याकडे टिकला कसा?” मास्तर म्हणाले.

औषधवाला खो खो हसला आणि हसता हसता त्याने मागची वायर ओढून मशीन बंद केलं. मी कपाळाला हात लावला.

“अरे, असं नाही करायचं! रीतसर निरोप देऊन बंद करायचं. वायर ओढली की हा डूख धरतो. आता बघ तमाशा.”

पुन्हा सुरू केल्यावर तसंच झालं. पहिल्याच पानावर तक्रार: मला नीट बंद केलं नव्हतं. मग सगळी डिस्क कानाकोपऱ्यापासून तपासत बसला. दहा मिनिटं, बारा मिनिटं. लाइट गेली तरी हाच प्रकार. मशीनचं कोणी काय केलं ते पुढच्या वेळी उठल्याउठल्या सांगणार. कितीही दिवसांनी उठवा.

वाट बघण्याशिवाय हातात काही नव्हतं. बाहेर ऊन रणरणत होतं. लेक स्क्रू डब्यात टाकत होती, टप, टप. आणि का कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, “हे ‘आहे, पण ओळख नाही’ प्रकरण फार वाईट. एकदा याच टेबलावर—”

“झाली सुरुवात,” मास्तर म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मंगळवार होता, सकाळचे साडेदहा. एका बंद पडलेल्या कचेरीच्या भंगारातून मी एक करड्या रंगाचं मशीन आणलं होतं. मजबूत पत्रा, जुना बोर्ड. त्याला घराच्या इंटरनेटचा पहारेकरी करायचा बेत होता. लेक तेव्हा कॉलेजला गेलेली. घरात आम्ही दोघंच, मी इथे आणि ही स्वयंपाकघरात.

मी डिस्कवर सिस्टीम चढवली आणि पहिल्यांदा मशीन चालू केलं. निळ्यावर पांढरी यादी सरकू लागली. तेवढ्यात आतून हिने हाक मारली, “अहो, जरा येता का?”

मी म्हटलं, “आलोच. हे मशीन सुरू होऊन वर येऊ दे.”

त्यात नवीन काही नव्हतं. सगळा संसार मी ‘आलोच’वर काढला. घरात इकडचं फडकं मी कधी तिकडे केलं नाही. ही म्हणायची, तुमच्या हाताला स्क्रू-ड्रायव्हर चिकटूनच आलाय जन्मतः. हाक मारायची, दोनदा वाट बघायची आणि मग स्वतःच करून टाकायची. त्या दिवशी दुसरी हाक आली नाही. मी यादी वाचत राहिलो, कारण तळाशी एक ओळ विचित्र होती. चार मिनिटांनी आत गेलो, तर ही ओट्याखाली जमिनीवर. डोळे उघडे, दाराकडे.

मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. चार मिनिटं लवकर आणली असती तर, असं मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. डॉक्टर लोक भले असतात.

हे मी लपवत नाही. लेकीला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

स्टुलावरची टपटप थांबली नव्हती. मी पुढे सांगू लागलो.

आता ती ओळ. बोर्डावर नवव्या जागेवर काहीतरी सापडलं होतं. बनवणारा: अज्ञात. वस्तू: अज्ञात. नॉट कॉन्फिगर्ड. मी झाकण उघडून बघितलं. त्या बोर्डाला नववी जागाच नव्हती. जिथे असायला हवी तिथे नुसती हिरवी पाटी, एक टाकासुद्धा नाही.

पुढचे आठ दिवस असे गेले: सकाळी आणि संध्याकाळी अतिदक्षता वॉर्ड, दुपारी दोन ते चार वॉर्ड बंद. त्या दोन तासांत लेक तिथेच बाहेरच्या बाकावर बसायची. मी अंघोळीला घरी यायचो आणि या मशीनशी झटायचो. माणसाला हाताला चाळा लागतो. सगळी कार्डं उपटली, तरी ओळ तिथेच. मेमरी बदलली, बॅटरी काढून तासभर ठेवलं, बोर्डाच्या सेटिंगमधलं जे जे बंद करता येईल ते केलं. डिस्क दुसऱ्या मशीनला लावली, ओळ नाही. परत इथे लावली, ओळ आहे. दुसरी सिस्टीम घालून बघितली, तर तिला तिथे काहीच दिसेना. दिसायचं ते या एकट्यालाच.

“मग बोर्डात बिघाड,” मास्तर म्हणाले. “साधी गोष्ट आहे.”

मलाही तसंच वाटलं, मास्तर. आमच्यात एक रीत आहे. नवीन मशीनवर ही सिस्टीम चढवली की सापडलेल्या सामानाची यादी ती बनवणाऱ्यांना मेलने पाठवायची, त्यांना पुढे उपयोगी पडते. मी आजवर एकशे सत्तर मशीनच्या याद्या पाठवल्यात. ही पण पाठवली. उत्तर येत नसतंच, आलं नाही. प्रत्येक यादीची एक छापील प्रत मी फाइलला लावतो, म्हणून मला तारीख सांगता येते: नवव्या दिवशी ओळ बदलली.

‘नॉट कॉन्फिगर्ड’ गेलं होतं. मी काही केलं नव्हतं. वस्तूशी ओळख करून देणारा नवीन ड्रायव्हर-प्रोग्राम नाही, नवीन काही नाही. पण सिस्टीमने नवव्या जागेवरच्या वस्तूशी बोलणं सुरू केलं होतं आणि तिच्या लेखी ती वस्तू म्हणजे सेन्सर होता.

सेन्सर म्हणजे डब्यातली उष्णता, पंख्याचा वेग असलं मोजणारा किडा. चालू मशीनला विचारलं की आकडे सांगतो. मी विचारलं.

तापमान छत्तीस पूर्णांक आठ. पंखा, मिनिटाला बहात्तर फेरे.

मशीनचा पंखा हजाराच्या खाली फिरत नाही. बहात्तर म्हणजे तो जागेवर उभाच. मी पुन्हा विचारलं. एकाहत्तर. पुन्हा. चौऱ्याहत्तर.

त्या संध्याकाळी वॉर्डात हिच्या पलंगाच्या पायाशी अडकवलेला तक्ता वाचला. आठ दिवस रोज डोळ्यांसमोर होता, वाचला नव्हता. दुपारी तीन वाजता: ताप छत्तीस आठ, नाडी बहात्तर.

“योगायोग,” मास्तर म्हणाले. पण खुर्ची आणखी जवळ आली.

मीही तेच म्हटलं. सात दिवस म्हणत राहिलो. सात दिवस, घरी असेन तेव्हा दर तासाचे आकडे लिहून काढले आणि तक्त्याशी ताडून बघितले. एकही चुकला नाही. मग सोमवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मी मशीन रीतसर बंद करून परत चालू केलं. वर यायला दोन मिनिटं लागली. संध्याकाळी सिस्टर म्हणाली, “आज जरा घाबरवलं हो तुमच्या मंडळींनी. तीन-दहाला मॉनिटर दोन मिनिटं सपाट. आम्ही धावलो, तोवर परत सुरू. वायर सैल असेल.”

मी म्हटलं, “असेल.”

त्या दिवसापासून मशीनला हात लावायची माझी छाती झाली नाही. लाइट गेली तरी चालावं म्हणून बॅटरीचा डबा जोडला. प्लगवर चिकटपट्टी मारली. लेकीला सांगितलं, याला धक्का लावायचा नाही, महत्त्वाचं काम चालू आहे. ती चिडली. आई तिकडे पडलीय आणि तुम्हाला कसली कामं सुचतात, म्हणाली. बरोबरच होतं तिचं. रोज वॉर्डातून निघताना ती आईच्या कानाशी वाकून एकच गोष्ट सांगायची: “लवकर घरी ये. मी वाट बघतेय.”

औषधवाला लेकीकडे बघत होता. ती ‘मधले स्क्रू’च्या डब्यात बघत होती.

चौथ्या आठवड्यात सेन्सरमध्ये तिसरा आकडा आला. अंतर. दोन हजार शंभर मीटर.

अंतर मोजणारा सेन्सर असू शकतो, सिस्टीमला त्याची कल्पना असते. पण घरगुती मशीनमध्ये मी जन्मात बघितला नव्हता. दोन हजार शंभर कशापासून? दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाताना स्कूटरच्या मीटरवर नजर ठेवली. आमच्या फाटकापासून वॉर्डाच्या दारापर्यंत दोन पूर्णांक एक किलोमीटर.

दहा दिवस आकडा हलला नाही. अकराव्या दिवशी, वॉर्ड बंद असताना, दुपारी अडीच वाजता तो दोन हजार नव्वद झाला. मग दोन हजार साठ. चार वाजता एक हजार नऊशे ऐंशीवर थांबला. दुसऱ्या दिवशी दोन वाजता तिथूनच पुढे.

माणूस चालतो तसा. सावकाश, पावलागणिक, मध्ये मध्ये दम खात.

वॉर्डात ही होती तशीच. श्वासाचं यंत्र छाती वर करायचं, खाली करायचं. सिस्टर मात्र जरा रागावली होती. म्हणाली, “पेशंटचे पाय कोण पुसतं तुमच्यात? तळवे बघा. रोज चादर बदलतेय मी.”

मी चादर उचलली. टाचा काळ्या झाल्या होत्या. बोटांच्या बेचक्यांत धूळ. सहा आठवडे जमिनीला न लागलेले पाय.

लेकीने ओल्या कापसाने ते पुसले.

मी हिशेब केला. त्या दिवशी चार वाजता आकडा थांबला होता चौदाशेवर. घरापासून चौदाशे मीटर म्हणजे बंद सिनेमागृहासमोरचा बसथांबा. दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी तिथे जाऊन उभा राहिलो. भर दुपार, रस्ता मोकळा. बाकावर एक बाई पिशवी घेऊन बसली होती. दुसरं कोणी नव्हतं. मला हसू आलं माझंच. परत फिरणार, तेवढ्यात ती बाई मान वर न करता जराशी सरकली. आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. शेजारी बसणाऱ्याला जागा करून देतात, तशी.

मी स्कूटर न घेताच पळत घरी आलो.

“काका, बस करा आता,” औषधवाला म्हणाला. त्याचं मशीन केव्हाच वर आलं होतं. कोणी बघितलं नव्हतं.

“सांगू दे,” लेक म्हणाली. त्या दुपारचा तिचा तो पहिला शब्द.

पुढचं सांगतो. अंतर कमी होत होतं, ते मला समजत होतं. म्हणजे समजत नव्हतं, पण भीती नव्हती. घरीच येतेय, कुठे जातेय? मी तर माझ्या बाजूची हिची खुर्ची पुसून ठेवली होती. भीती वाटली ती दुसऱ्या आकड्यांची. वॉर्डातला तक्ता म्हणायचा ताप छत्तीस आठ, नाडी बहात्तर, काही फरक नाही. आणि मशीनवरचं तापमान उतरायला लागलं. आठशे मीटरवर एकतीस. पाचशेवर सव्वीस. पुलाच्या अलीकडे, बाहेर हवा जितकी होती तितकंच. ऊन चढलं की चढायचं, ढग आला की उतरायचं. दगडासारखं.

बुधवारी पंखा शून्यावर आला. वॉर्डात नाडी बहात्तर.

अंतर मात्र कमी होतच होतं.

बुधवारी चार वाजता सव्वीस मीटर. ते आपलं फाटक. मी गॅलरीतून वाकून बघितलं. फाटक लावलेलं होतं. कडी हलत होती.

गुरुवारी दोनला मी या खुर्चीत बसलो.

बावीस.

पंधरा. जिन्याचं दार.

बराच वेळ पंधरा.

अकरा. पहिल्या जिन्याचं वळण. इथे ही नेहमी थांबायची, कठड्याला टेकून. जिने फार उंच बांधलेत म्हणायची.

नऊ.

आणि लाइट गेली.

“हात्तिच्या!” मास्तर म्हणाले.

गेली खरी. चार वाजले होते. पडदा काळा झाला, पंखा थांबला, खोलीत एकदम शांत.

“बॅटरीचा डबा होता ना?”

“जुना होता, मास्तर. फुगलेला. दोन मिनिटंही तगला नाही.”

मी अंधारल्या पडद्यासमोर बसून राहिलो. जिन्यात आवाज नाही. दारावर टकटक नाही. काही नाही. चार वाजून पाच मिनिटांनी तिकडे ही गेली. त्या वेळी लेक जवळ होती. लाइटवाल्यांच्या कृपेने गेली म्हणा. माझ्या हातात काही नव्हतं.

पंधरवड्याने जरा धीर करून मशीन पुन्हा चालू केलं. म्हटलं, बघू तरी. मिनिटाभरात वर आलं, गुण्यागोविंदाने. निळ्यावर पांढरी यादी, ओळीमागून ओळ, एकही तक्रार नाही. नववी जागा नाही, सेन्सर नाही. छापील प्रत काढून फाइलला लावली. फाइल त्या कपाटात आहे, खोटं वाटत असेल तर बघा.

मी थांबलो. मास्तरांनी मोठा श्वास सोडला. औषधवाल्याने कपाळ पुसलं आणि कसंनुसं हसला. “काका, मानलं तुम्हाला. आजवरची सगळ्यात मोठी!”

“म्हटलं नव्हतं?” मी म्हणालो. “कोणी विश्वास ठेवणार नाही.”

लेकीने स्क्रूचा डबा झाकण लावून खाली ठेवला.

“खोटं आहे,” ती म्हणाली.

मास्तर हसले. “अगं, ते आम्हालाही कळलं. सेन्सर काय, अंतर काय—”

“ते नाही. ते सगळं खरं असेल. मी आईचे तळवे पुसलेत.” ती माझ्याकडे बघत नव्हती, औषधवाल्याच्या मशीनकडे बघत होती. “लाइट गेली, ते खोटं.”

मास्तरांची खुर्ची जराशी मागे सरकली.

“मघाशी यांनी वायर ओढली तेव्हा काय झालं? आल्या आल्या भांडण, मग बारा मिनिटं तपासणी. कोणी काय केलं ते उठल्याउठल्या सांगतो म्हणालात, कितीही दिवसांनी उठवा म्हणालात. मग तुमचं मशीन पंधरवड्याने मिनिटाभरात कसं वर आलं, बाबा? एकही तक्रार न करता?” तिचा आवाज चढला नव्हता. “ते कोणीतरी रीतसर बंद केलं होतं. इथे बसून, की-बोर्डवर. आकडा बघत.”

मी म्हणणार होतो की तुझ्या लक्षात नाही, अकरा वर्षं झाली. हात नुसताच ‘देव जाणे’च्या डब्याकडे गेला.

“तेव्हा आईचा हात माझ्या हातात होता. गरम होता.”

खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू केली आणि बंद केली.

“तुम्ही फोन उचलत नव्हतात, म्हणून मी धावत घरी आले. साडेचार वाजले होते. जिन्यातला दिवा चालू होता. आणि जिना ओला होता. सगळा नाही. वळणापासून वर, प्रत्येक पायरीवर पावलाएवढा एकच पुसलेला डाग. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, परत डावीकडे. तुम्ही दारात बसला होतात, बादली आणि फडकं घेऊन. जन्मात पहिल्यांदा. मला वाटलं, दुःखाने तुमचं डोकं फिरलंय. म्हणून कधी विचारलं नाही.”

ती आता माझ्याकडे बघत होती. अगदी आईसारखी, वाट बघत.

“आकडा नऊवर थांबला म्हणालात. शेवटचा डाग उंबऱ्याच्या आत होता, बाबा. काय पुसत होतात तुम्ही?”